मुंग्या घरात का शिरतात, आधी ऋतू बघा

पाऊस लागला की ओट्यावर रांगच रांग. रोज स्प्रे मारतो, दोन दिवसांनी परत तेच. (सिडको)

वारुळात पाणी शिरतं, मग त्या पिल्लं उचलून कोरडी जागा शोधतात आणि आपल्या टाइल्समागची फट त्यांना आयतीच मिळते. तोंडात पांढरा दाणा दिसतो ना, तो साखरेचा नसतो, बहुतेकदा अळी किंवा कोष असतो, मुंगीच्या डोक्यापेक्षा मोठा. स्प्रेने फक्त रांगेतल्या मरतात, राणी आतच. आणि मुंग्या अगदी बारीक, पिवळसर असतील तर स्प्रे मारूच नका प्लीज, वसाहत फुटून एकाच्या चार होतात. त्यापेक्षा 100 मिली साखरपाण्यात फक्त 1 ग्रॅम बोरिक पावडर, कापसाचा बोळा भिजवून रांगेजवळ ठेवा, लहान मुलं आणि मांजर पोचणार नाही अशा जागी. पावडर जास्त झाली तर मुंगी वाटेतच मरते, आणि आपल्याला तर ते राणीपर्यंत जायला हवंय. तोवर रांग पुसायची नाही. एक-दोन आठवडे धीर धरा, मग साबणाच्या पाण्याने ओटा पुसा म्हणजे वाटेचा वास जाईल, आणि फट बुजवून टाका.

मे महिन्यात गोड काही उघडं नसतं, तरी माठाखाली मुंग्या? (गंगापूर रोड)

पाण्यासाठी येतात हो. गळका नळ दुरुस्त करा, तिवईचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, पण ते पाणी दोन-तीन दिवसांनी बदला नाहीतर डास होतील.

पहिल्या पावसानंतर ट्यूबलाइटभोवती पंखवाले किडे येतात, ही वाळवी का? (म्हसरूळ)

कंबर बघा. मुंगीची कंबर चिमटीत धरल्यासारखी बारीक आणि पुढचे पंख मागच्यापेक्षा मोठे, वाळवीला कंबरच नाही, चारही पंख सारखे. मुंग्या असतील तर लाइट बंद करा, बस. पण वाळवीचे गळलेले पंख घरातच चौकटीपाशी सापडले तर लाकूड ठोकून बघा, पोकळ वाजलं तर पेस्ट कंट्रोलवाल्याला लगेच बोलवा.

थंडीत मुंग्या गायब, मेल्या का? (निफाड)

नाही. मुंगीचं अंग बाहेरच्या हवेइतकंच गार होतं, पारा 10च्या खाली गेला की हालचाल मंदावते, त्या खाली जमिनीत राहतात. तुमच्याकडे द्राक्षबाग असेलच, तर ऊन वाढलं की खोडांवर नजर ठेवा. वेलीवर मुंग्यांची ये-जा दिसली की सुटलेली साल काढून आत मिलीबग (रस शोषणारी पांढरी, कापसासारखी कीड) आहे का बघा, कारण त्याचा गोड चिकटा मुंग्या पितात आणि त्याला खाणाऱ्या मित्रकिडींना हाकलतात, म्हणून मिलीबगसोबत मुंग्यांचाही बंदोबस्त करावाच लागतो.