मॅडम, ही गणित सोडून ग्राफची चित्रं काढून राहिली!

अकरावीच्या पालकांचा हल्ली नेहमीचा प्रश्न: पोरगं अभ्यासाच्या नावाखाली लॅपटॉपवर डेस्मॉस (समीकरण लिहिलं की त्याचा ग्राफ काढून देणारी वेबसाइट) उघडून ग्राफची चित्रं काढत बसतं, बंद करायचं का? नागपूरच्या मानेवाड्याच्या एक ताई हेच विचारायला आल्या (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत). "मॅडम, टेस्टमध्ये अर्धे पण मार्क नाही, आन् रात्री एक वाजेपर्यंत ते डेस्मॉस उघडून बसते. लॅपटॉप कपाटात टाकून देऊ का?" पोरगी मान खाली घालून बसलेली.

म्हटलं, दाखव बरं काय काढलंस. दीक्षाभूमीचा स्तूप होता! घुमटाला वाय = √(36 − एक्स²), म्हणजे 6 त्रिज्येचं अर्धवर्तुळ, पण ते तिला फारच उंच वाटलं म्हणून पुढे 0.8 ने गुणून थोडं दाबलेलं. उजवीकडे एक कमान, वाय = 3 − (एक्स − 9)², आणि एक्सला 8 ते 10 एवढीच मर्यादा घातलेली, नाहीतर पॅराबोला (हा कमानीसारखा वक्र) थेट खाली पळत गेला असता.

मी विचारलं, स्क्रीनला हात न लावता सांग, 9 च्या जागी 7 केला (आणि मर्यादाही तशीच सरकवली) तर? "डावीकडे येईल, दोन घरं." मग कंसात वजा असूनही कमान उजवीकडे कशी? "कंसात शून्य यायला एक्स 9 लागतो ना मॅडम, म्हणून टोक 9 वर." हे ऐकून मला खरंच खूप आनंद झाला, कारण इथेच भरपूर मुलं 'वजा म्हणजे उजवीकडे' एवढं पाठ करून मोकळी होतात.

मग टेस्टचा पेपर पाहिला. ग्राफचा प्रश्न बरोबर, मार्क गेले होते ट्रिगोनॉमेट्रीत आणि अर्धवट सोडलेल्या शेवटच्या पानावर. म्हणजे चित्रांवर राग काढण्यात अर्थ नव्हता, जागरणावर मात्र होता, झोप न झालेलं पोरगं पेपर वेळेत कसं संपवणार?

ताईंना सांगितलं, लॅपटॉप राहू द्या, पण दहाला बंद. नवीन आकार आधी वहीत, हाताने, मगच स्क्रीनवर. आणि तुमचं पोरगं नुसतं स्लायडर (समीकरणातला आकडा बदलायची पट्टी) सरकवून जे छान दिसेल ते ठेवत असेल, आकडा बदलल्यावर काय होईल हे आधी सांगता येत नसेल, तर तो टाइमपासच, तिथे जरूर टोका.

पोरीला म्हटलं, आता स्तूपासमोर पाणी काढ, साइनने. ती लगेच वही ओढून बसली, वाय = 0.3 साइन 2एक्स लिहिलं, आणि आईला सांगायला लागली की 2 लावला की लाट 2π ऐवजी π मध्येच पूर्ण होते, 0.3 ने फक्त उंची कमी होते. ताई म्हणाल्या, "हाव का? मंग 2 च्या जागी 4 लिहिला तं?"