आरतीचे फोटो हलतात, लेन्स कोणती घ्यावी?

प्रश्न : माझ्याकडे निकॉन डी५६०० आणि सोबत आलेली १८-५५ एमएम लेन्स आहे. गणपतीत घरच्या आरतीचे फोटो काढले की टाळ्या वाजवणारे हात आणि मुलांचे चेहरे पुसट येतात. फ्लॅश मारला तर निरांजनाच्या उजेडाची मजाच जाते. व्हीआर चालू असूनही असं का होतं? ५० एमएम एफ/१.८ घेऊ का? जुनी चालेल का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : व्हीआर तुमच्या हाताची थरथर सावरतं, समोरचा माणूस हलला तर त्याचा काही उपयोग नाही. टाळ्यांचे हात स्पष्ट हवेत तर शटर १/२५० सेकंदाच्या आसपास लागतं. तुमची लेन्स ३५ एमएमवर साधारण एफ/४.५ पर्यंतच उघडते (एफचा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडते). तिथे आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता, ३२०० ठेवून १/४० मिळत असेल, तर एफ/१.८ च्या लेन्समधून सहापट प्रकाश येतो आणि त्याच उजेडात १/२५० मिळतं.

पण घरासाठी ५० नको, ३५ एमएम एफ/१.८ घ्या. तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान असल्याने ५० च्या लेन्समधून ७५ सारखं अरुंद दृश्य दिसतं. दहा बाय बाराच्या खोलीत पाठ भिंतीला टेकली तरी मखर आणि माणसं एकत्र मावत नाहीत. पटत नसेल तर आताच्या लेन्सची झूम रिंग चिकटपट्टीने ३५ वर पक्की करा आणि एक संध्याकाळ तशीच वापरा. दुसऱ्या दिवशी ५० वर. पैसे घालण्याआधी हे जरूर करा.

जुनी लेन्स चालेल, मात्र नावात ‘एएफ-एस’ हवं, म्हणजे फोकसची मोटर लेन्समध्येच असते. डी५६०० च्या बॉडीत फोकसची मोटर नाही. त्यामुळे स्वस्तात मिळणारी ५० एमएम एफ/१.८ डी बसते खरी, पण फोकस हातानेच करावा लागतो. घेताना मोबाइलचा टॉर्च लेन्समधून आरपार टाकून पाहा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. कोकणातल्या दमट हवेत ती वाढतच जाते, तेव्हा अशी लेन्स घेऊच नका.

एफ/१.८ वर दीड मीटरवरून पुढेमागे मिळून जेमतेम १३ सेंटिमीटरचा पट्टाच स्पष्ट येतो. म्हणून फोकसचा एकच पॉइंट निवडून तो डोळ्यावर ठेवा, नाहीतर कॅमेरा ज्योत पकडतो. माणसं मागेपुढे असतील तर एफ/२.८ करा आणि आयएसओ वाढवा. फोटोत ज्योतीची उलटी, फिकट सावली दिसली तर लेन्ससमोर लावलेली जादा काच, म्हणजे यूव्ही फिल्टर, काढा. ते त्याच्या काचेतलं प्रतिबिंब असतं.

आणि स्वस्त एलईडी माळांखाली १/२५० ला आडवे काळपट पट्टे आले, तर शटर १/१०० वर आणा. आपल्याकडच्या विजेवर असे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. मग हात एकमेकांना भिडतात त्याच क्षणी बटण दाबा. तेवढ्यापुरते ते थांबलेले असतात.