आईच्या पायातले गोळे आणि रात्रीची वळवळ

ताई, तुम्ही लिहिलंय की आईंच्या पोटरीत रात्री गोळा येतो, पाय स्वस्थ ठेवता येत नाहीत, आणि केमिस्टने दिलेल्या कॅल्शियमने काही फरक पडला नाही. मला हे दोन वेगळे त्रास वाटतात. दोन्हींचे उपायही वेगळे आहेत.

गोळा आला की पोटरी दगडासारखी घट्ट होते, माणूस कळवळून उठतो आणि सकाळीही तो भाग ठणकत असतो. वळवळीत स्नायू मऊच असतो, पण आत काहीतरी सळसळतंय असं वाटतं. आडवं झालं की सुरू, उठून चार पावलं टाकली की थांबतं, परत पडलं की परत. मला हा त्रास बरीच वर्षं आहे. 'दिवसभर उभी असतेस, पाय दुखणारच' हेच ऐकत आले. डॉक्टर याला रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम म्हणतात.

गोळा आला की गुडघा सरळ ठेवून पंजा स्वतःकडे ओढायचा. या वयात हात पोहोचत नाही, म्हणून उशाशी पंचा ठेवा; तो तळव्याला अडकवून दोन्ही टोकं हळूहळू ओढायची. झोपण्याआधी भिंतीला हात टेकून, टाच न उचलता पोटऱ्या ताणायची सवय लावा. मॅग्नेशियमचा वयस्कर लोकांना यात फारसा उपयोग होत नाही. क्विनीन (मलेरियावरचं जुनं औषध) कुणी सुचवलं तर मात्र स्पष्ट नको म्हणा, हृदयाच्या ठोक्यांवर आणि प्लेटलेट्सवर त्याचे गंभीर परिणाम होऊ शकतात.

वळवळीसाठी फेरिटिनची, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी करून घ्याच. हिमोग्लोबिन चांगलं असूनही हा साठा कमी असू शकतो. लॅबच्या कागदावर ३० म्हणजे नॉर्मल दिसतं, पण या त्रासात आकडा ७५ किंवा त्याखाली असला तरी डॉक्टर लोह देण्याचा विचार करतात. माझा आकडाही लॅबच्या मर्यादेत बसत होता, तरी लोह सुरू झालं. आराम पडायला दोन-तीन महिने गेले. मनाने मात्र गोळ्या सुरू करू नका, लोह जास्त झालं तरी अपाय होतो. आणि आपल्याकडची चहा-चपाती! जेवणाबरोबरच्या चहाने अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही. चहा तासभर पुढे ढकला, जेवणात लिंबू पिळा. संध्याकाळनंतर चहा नकोच, काहींची वळवळ त्याने वाढते.

एकच पाय सुजला, गरम लागला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. चालताना पोटरी भरून येऊन थांबल्यावर बरं वाटत असेल, तर तो रक्तपुरवठ्याचा प्रश्न असू शकतो, तेही सांगा.

डॉक्टरांकडे जाताना आईंच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं बरोबर न्या. बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी असेल तर त्याने गोळे येऊ शकतात. सर्दीच्या झोप आणणाऱ्या, उलटीवरच्या आणि नैराश्यावरच्या काही गोळ्यांनी वळवळ वाढते. कुठलीही गोळी आपण होऊन बंद करू नका, फक्त पाकिटं टेबलावर ठेवा आणि एकेकीबद्दल विचारा.