वॅगनर की हॉफमन: सेव्हच्या आकड्यात काय दिसत नाही

तुमचा प्रश्न बेसबॉलमधल्या दोन क्लोजरांबद्दल, म्हणजे शेवटच्या, नवव्या इनिंगमध्ये आघाडी राखायला येणाऱ्या पिचरांबद्दल (चेंडू टाकणाऱ्यांबद्दल) आहे: ट्रेव्हर हॉफमनचे 601 सेव्ह, बिली वॅगनरचे 422, मग वॅगनर सरस होता असं काही जण कशाच्या जोरावर म्हणतात? मीही तेच म्हणणाऱ्यांतला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सेव्ह म्हणजे निसटती आघाडी राखून सामना संपवल्याचं श्रेय. मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल लीगमध्ये, त्याची अधिकृत नोंद 1969 पासून होते. नववी इनिंग तीन धावांच्या आघाडीवर सुरू केली आणि दोन धावा देऊन कशीबशी संपवली, तरी पिचरच्या नावावर सेव्ह लागतो. पण आठव्या इनिंगमध्ये तिन्ही बेस विरोधी रनरांनी भरलेले असताना, एका धावेच्या आघाडीवर येऊन डाव सावरणाऱ्याला तो मिळत नाही, कारण सामना त्याने संपवलेला नसतो. किती सेव्ह होणार हे बरंचसं मॅनेजर कोणतं काम देतो आणि संघ किती वेळा निसटती आघाडी मिळवून देतो यावर ठरतं. शिवाय हॉफमन 1,035 सामन्यांत खेळला, वॅगनर 853.

ईआरए, म्हणजे क्षेत्ररक्षणातल्या चुकांच्या धावा वगळून नऊ इनिंगमागे दिलेल्या धावा, हा आकडाही रिलीफ पिचरच्या (सामन्याच्या मध्यात दुसऱ्याच्या जागी येणाऱ्याच्या) बाबतीत जपून वापरावा. आधीच्या पिचरने बेसवर ठेवलेला रनर याने घरी येऊ दिला, तर ती धाव आधीच्याच्या खात्यात जाते. म्हणून सहाव्या-सातव्या इनिंगमध्ये येणाऱ्यांचा ईआरए फसवा असू शकतो. वॅगनर आणि हॉफमन मात्र बहुतेक वेळा रिकाम्या बेसवर नववी इनिंग सुरू करत, त्यामुळे इथे तुलना बऱ्यापैकी न्याय्य होते.

आता खरा हिशेब. वॅगनर: 903 इनिंग, ईआरए 2.31. हॉफमन: 1,089 इनिंग, 2.87. ‘हॉफमनने जास्त इनिंग टाकल्या’ हा आक्षेप रास्त आहे, म्हणून उलटं गणित करून बघा. वॅगनरने आणखी 186 इनिंग टाकल्या असत्या आणि त्यांत नऊ इनिंगमागे साडेपाच धावा दिल्या असत्या, तेव्हा कुठे तो हॉफमनच्या पातळीवर उतरला असता. साडेपाच ईआरएवर कुणी क्लोजर टिकत नाही. माझ्या मते वादाचा निकाल इथेच लागतो.

मैदान आणि काळ यांचा परिणाम काढून टाकणारा ईआरए-प्लस पाहिलात तरी चित्र तेच. त्यात 100 म्हणजे लीगची सरासरी, आणि आकडा जितका मोठा तितका पिचर चांगला. हॉफमन 141, वॅगनर 187. वॅगनरसमोर बॅटरांची सरासरी (हिट मिळण्याचं प्रमाण) जेमतेम .187 होती, आणि 903 इनिंगमध्ये त्याने 1,196 स्ट्राइकआउट घेतले, म्हणजे तितक्या वेळा बॅटरला तीन स्ट्राइकवर बाद केलं. डावखुरा, अंगकाठीने लहानसा माणूस आणि चेंडूचा तो वेग! त्याला बघणं हा निखळ आनंद होता.

बेसबॉल-रेफरन्स या आकडेवारीच्या संकेतस्थळाच्या हिशेबात दोघांचा वॉर (सहज मिळणाऱ्या बदली खेळाडूपेक्षा संघाला किती विजय जास्त मिळवून दिले, त्याचा अंदाज) 28 च्या आसपास, म्हणजे जवळपास सारखाच. पण वॉर इनिंगबरोबर साचत जातो. वॅगनरने तेवढाच वॉर 186 इनिंग कमी टाकून मिळवला.

वॅगनरच्या विरोधातला खरा मुद्दा पोस्टसीझनचा, म्हणजे नियमित मोसमानंतरच्या विजेतेपदाच्या सामन्यांचा. तिथे 11⅔ इनिंगमध्ये ईआरए 10.03. नमुना फार लहान आहे, तरी त्या इनिंग मोलाच्या होत्या आणि मी त्या हिशेबातून वगळणार नाही. मारियानो रिवेरा या दुसऱ्या क्लोजरशी त्याची बरोबरी करू नये ती यासाठीच: रिवेराचा नियमित मोसमांचा ईआरए-प्लस 205, पोस्टसीझनमध्ये 141 इनिंग आणि ईआरए 0.70.

हॉल ऑफ फेमच्या (बेसबॉलमधल्या दिग्गजांच्या सन्मान-दालनाच्या) मतदारांना वॅगनर पटायला दहा वर्षं लागली. 2016 मध्ये 10.5 टक्के मतं, 2024 मध्ये पाच मतांनी हुकला आणि 2025 मध्ये, शेवटच्या संधीला, 82.5 टक्क्यांनी आत गेला. हॉफमन तिसऱ्याच वर्षी निवडला गेला होता. त्या फरकात 601 या आकड्याचा वाटा मोठा होता, असं मला ठामपणे वाटतं.