त्याची समुपदेशक तुम्ही होऊ नका

प्रिय मैत्रिणी,

तुम्ही लिहिता: ‘मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. लिंगभाव आणि कौटुंबिक हिंसा हाच माझ्या संशोधनाचा विषय. नवऱ्याने आधीही हात उचलला होता, पण मागच्या महिन्यात त्याने माझा गळा धरला. आता तो रडतो, माफी मागतो. म्हणतो, तू एवढी शिकलेली, तूच मला यातून बाहेर काढ. सासूबाई म्हणतात, दोघं मिळून समुपदेशकाकडे जा. कुणाला सांगू? लोक म्हणतील, जगाला शिकवते आणि स्वतःच्या घरात हे! आमची आठवीतली मुलगी बाबा घरी आले की कानात हेडफोन घालून बसते.’

सगळ्यात आधी गळ्याबद्दल. इतक्या वेळा मार खाल्ला, त्यातलाच हा एक, असं त्याच्याकडे बघू नका. बाईच्या जिवाला किती धोका आहे हे तपासण्यासाठी अमेरिकेतल्या संशोधक जॅकलिन कॅम्पबेल यांनी जी प्रश्नावली तयार केली, तिच्यात गळा दाबण्याबद्दल वेगळा प्रश्न आहे. ज्याने एकदा गळा दाबला त्याच्या हातून पुढे जीव जाण्याची भीती कितीतरी वाढते. डॉक्टरांकडे गेला नसाल तर आजच जा. बाहेर वळ दिसत नसला तरी आत इजा असू शकते. खरं कारण सांगा आणि ते केसपेपरवर लिहून घ्या.

आता लाजेबद्दल. ताण, मारहाण, मग माफी आणि प्रेम, हे चक्र मानसशास्त्रज्ञ लिनोर वॉकर यांनी १९७९ साली मांडलं. तुम्ही ते फळ्यावर कितीदा काढलं असेल! ते ओळखू येतं आणि तरी पाय उचलत नाही, यात तुमच्या शिक्षणाचा काही दोष नाही. समोर रडणारा माणूस तुमचा आहे, त्याच्याबरोबर तुम्ही संसार केलाय. विषय शिकवल्याने घरातला माणूस बदलत नाही. मारलं त्याने, मान खाली घालायची ती त्याने.

‘तूच मला बाहेर काढ’ या वाक्याने मला सगळ्यात अस्वस्थ केलं. कदाचित तो मनापासून म्हणत असेल. पण तुम्ही हो म्हणालात की पुढच्या वेळी हात उठला तर तो तुमच्या उपचाराचा पराभव ठरेल, आणि मारणारा पुन्हा नामानिराळा. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातल्या डुलुथ गावात १९८०च्या दशकात मारहाण करणाऱ्या पुरुषांसाठी जे वर्ग सुरू झाले, ते बायकोला बाजूला ठेवून, पुरुषांच्या गटात चालतात. राग का आला यापेक्षा त्या क्षणी तुला बायकोकडून काय करून घ्यायचं होतं, हे तिथे खोदून विचारतात. साहेब अपमान करतो तेव्हा तुमच्या नवऱ्याचा हात साहेबाच्या गळ्याकडे जातो का? त्या पद्धतीवरचे आक्षेप तुम्हाला ठाऊक असतीलच. संशोधक जूलिया बॅबकॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली २२ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा अशा कार्यक्रमांचा परिणाम अगदी थोडा दिसला. म्हणून तो वर्गाला किंवा समुपदेशकाकडे जायला लागला, एवढ्यावर ‘आता सुधारला’ असं धरून चालू नका. जाऊ दे त्याला, जरूर जाऊ दे. पण त्याचा तो जाईल, वेळही तोच घेईल आणि फीसुद्धा तोच भरेल.

सासूबाईंचा सल्ला आत्ता तरी मानू नका. समुपदेशकापुढे खरं बोललेल्या बाईला त्याची किंमत घरी येऊन मोजावी लागते. आपल्या कायद्यालाही हे कळतं. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५च्या कायद्याचे २००६चे नियम काढून बघा. समुपदेशन व्हायचं तर पुन्हा हिंसा करणार नाही अशी हमी त्याने द्यायची, आणि केलेल्या हिंसेचं समर्थन तिथे करू द्यायचं नाही, असं त्यांत लिहिलंय. सासूबाईंना हे वाचून दाखवायला हरकत नाही, पण तो घरात नसताना.

याच कायद्याच्या कलम १७ प्रमाणे घर कुणाच्याही नावावर असलं तरी तुम्हाला तिथे राहण्याचा हक्क आहे. या कायद्याखाली नेमलेल्या जिल्ह्याच्या संरक्षण अधिकाऱ्याला भेटा. न्यायालयाकडून संरक्षणाचा आदेश मिळू शकतो आणि तो त्याने मोडला तर गुन्हा ठरतो. वकिलाची मदत विधी सेवा प्राधिकरणाकडून प्रत्येक बाईला मोफत मिळते, पगार कितीही असो. १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन करा, जिवावर बेतलं तर ११२. फोन मात्र कॉलेजातून किंवा मैत्रिणीच्या मोबाइलवरून. आणि घर सोडायचं ठरवलंत तर ते त्याला आधी सांगू नका, बाई निघते तेव्हाच धोका सर्वांत जास्त असतो. कागदपत्रं, पासबुक, थोडे पैसे, मुलीचे दाखले आजपासून दुसरीकडे ठेवायला लागा.

स्टाफरूममधल्या एका तरी विश्वासू मैत्रिणीला या आठवड्यात सांगा. सगळ्यांना सांगायची गरज नाही.

आणि मुलीशी बोला. ती सगळं ऐकते, म्हणूनच हेडफोन घालते. भांडण सुरू झालं की मध्ये पडायचं नाही, शेजारच्या कुठल्या काकूंकडे जायचं, कोणता नंबर फिरवायचा, हे तिला नीट सांगा. आईला वाचवायची जबाबदारी तिची नाही, हेही.