हरल्या दिवशीचं ‘आपण’

प्रिय दोस्ता,

परवा फुटबॉलचा सामना संपल्यावर तू पाठवलेला निरोप दोनदा ऐकला. गोलरक्षकाच्या सात पिढ्यांचा उद्धार केलास, त्याबद्दल तक्रार नाही. शेवटच्या मिनिटाला असा हातातला चेंडू सुटला की माझ्याही तोंडून स्तोत्रं निघत नाहीत. मी अडलो ते दुसऱ्याच एका शब्दापाशी. मागच्या आठवड्यात तू ओरडला होतास, ‘काका, आपण जिंकलो!’ परवा म्हणालास, ‘हरले साले.’ आठ दिवसांत ‘आपण’चे ‘ते’ झाले.

यात तू एकटा नाहीस. रॉबर्ट चाल्डिनी नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली नेमकं हेच मांडलं होतं. विद्यार्थ्यांना आपल्या विद्यापीठाच्या सामन्याबद्दल विचारलं, तर जिंकलेल्या सामन्यात ‘आपण’ जास्त यायचं, हरलेल्यात कमी. त्यांचा फुटबॉल हातात घेऊन पळण्याचा, तो मला कधी कळला नाही. पण माणसं तीच.

इंग्रजीचं एका ‘वी’वर भागतं. आपल्याकडे ‘आपण’ आणि ‘आम्ही’ असे दोन आहेत, आणि गंमत तिथेच आहे. ‘आपण’ म्हटलं की ऐकणाराही घरात आला. ‘आम्ही’ म्हटलं की तो उंबऱ्याबाहेर. माझा एक जुना मित्र पलीकडच्या संघाचा. वर्षानुवर्षं एकाच बाकावर बसून सामने पाहिले. एकदा मोठ्या विजयानंतर मी त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणालो, ‘आम्ही तुम्हाला धुतलं!’ तो हसला, चहा संपवला आणि पुढचे दोन हंगाम आला नाही. मी म्हणू शकलो असतो, ‘काय सामना पाहिला रे आपण!’ तेही खरंच होतं.

आता तुझा गोलरक्षक. ब्राझीलचा जुना गोलरक्षक मोआसिर बार्बोसा, हे नाव ऐकलं आहेस का? १९५० चा विश्वचषक, रिओचं माराकाना मैदान. चषक जिंकायला ब्राझीलला उरुग्वेशी नुसती बरोबरी पुरत होती. उरुग्वेच्या गिज्जियाने पहिल्या गोलच्या वेळी उजवीकडून मध्ये पास दिला होता. ७९व्या मिनिटाला तो पुन्हा तिथूनच घुसला. बार्बोसाला वाटलं, पुन्हा पासच देणार, म्हणून तो जरासा पुढे सरकला, आणि चेंडू त्याच्या आणि जवळच्या खांबाच्या फटीतून आत गेला. उरुग्वे २-१. त्याचा अंदाज काही मूर्खपणाचा नव्हता. मी असतो तर मीही सरकलो असतो. ब्राझीलने नंतर पांढरी जर्सी टाकून पिवळी घेतली. बार्बोसाला मात्र २००० साली डोळे मिटेपर्यंत त्या एका गोलचा जाब द्यावा लागला. खेळले अकरा, हरला एकटा.

‘ते हरले’ म्हणता म्हणता ‘त्याने हरवलं’ यायला वेळ लागत नाही. म्हणून त्या एका सर्वनामावर मी एवढा अडून बसलोय.

शब्दच नसले तर काय होतं, तेही फुटबॉलने पाहिलं आहे. १९६६ चा विश्वचषक, लंडनचं वेम्बली मैदान, इंग्लंड विरुद्ध अर्जेंटिना. पंच क्राइटलाइन जर्मन, त्यांना स्पॅनिश येत नव्हतं. अर्जेंटिनाचा कर्णधार रत्तीन दुभाषा मागत होता. पंचांना ती अरेरावी वाटली आणि त्यांनी त्याला बाहेर काढलं. तो जाईना. सामना कितीतरी वेळ खोळंबला. त्यात भर म्हणजे इंग्लंडच्या चार्लटन भावांना आपलीही नावं ताकीद म्हणून पंचांच्या वहीत गेलीत हे कळलं वर्तमानपत्रातून! स्पर्धेतल्या पंचांची जबाबदारी असलेले केन अ‍ॅस्टन या गोंधळावर विचार करत गाडी चालवत होते, तेव्हा सिग्नल लागला. पिवळा, मग लाल. १९७० च्या मेक्सिको विश्वचषकात पंचांच्या खिशात कार्डं आली: पिवळं ताकिदीचं, लाल बाहेर काढण्याचं. त्या अख्ख्या स्पर्धेत लाल एकदाही निघालं नाही, हे मला त्याहून आवडतं.

आमच्या फ्रिजच्या दारावर एक पिवळा पुठ्ठा चिकटवलेला आहे, तू पाहिला असशील. तो औषधांच्या यादीसाठी नाही. माझा आवाज चढला की काकू तो काढते, चकार शब्द न बोलता माझ्या ताटाशेजारी ठेवते आणि भाजी वाढते. कोपरे आता पार दुमडलेत. मागे सुनेने विचारलं होतं, ‘लाल कुठे असतो?’ काकू म्हणाली, ‘आहे जागेवर.’ कुठे, ते मी विचारलेलं नाही.

तुला पुठ्ठा लावायला सांगत नाही. हरल्या रात्री निरोप पाठवू नकोस, एवढंच कर. सकाळी पाठव. शिव्या द्यायच्याच असतील तर ‘काय घाण खेळलो आपण’ अशा दे. त्यात गोलरक्षकही आला, तूही आलास, सोफ्यावर झोपलेला मीही आलो.

शनिवारी शिट्टी वाजायच्या आत ये. तो जुना मित्रही येतोय, त्याला मधली जागा ठेवायची आहे. गोलमध्ये बहुतेक तोच पोरगा असेल. पहिला चेंडू त्याच्या हातात येईल तेव्हा मी टीव्हीकडे नाही, तुझ्याकडे बघणार आहे.

तुझा,
काका