मसुदा वाचला, आता कलम २४ वाच

नौपाडा, ठाणे

अनेक आशीर्वाद.

मूट कोर्टसाठी, म्हणजे सरावाच्या खटल्यासाठी, युद्धातल्या मुलांवर लिहिलेला तुझा मसुदा वाचला. सुरुवातीची पानं उद्ध्वस्त शाळा आणि रडणाऱ्या मुलांच्या वर्णनात गेली आहेत. तुझी कळकळ पोचते, पण न्यायाधीशाला आधी कलम लागतं गं.

युद्धात नागरिकांना संरक्षण देणारा १९४९ चा चौथा जिनिव्हा करार उघडून वाच, कलम २४. युद्धात अनाथ झालेल्या, घरच्यांपासून तुटलेल्या १५ वर्षांखालच्या मुलांना वाऱ्यावर सोडायचं नाही, हे त्यात आहेच. शेवटचं वाक्य मात्र सावकाश वाच. १२ वर्षांखालच्या प्रत्येक मुलाची ओळख पटेल असा बिल्ला किंवा दुसरी काही सोय करण्याचा प्रयत्न व्हावा, असं ते सांगतं. तलावपाळीच्या गर्दीत आई पोराच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी कोंबते, तेच हे. तीन वर्षांच्या पोराला आईचं नाव विचारलं तर ते 'आई' म्हणतं. नोंद नसेल तर असं मूल जगूनही घराला कायमचं मुकतं.

जिनिव्हा करारांना जोडलेल्या १९७७ च्या पहिल्या प्रोटोकॉलचं, म्हणजे पूरक कराराचं, कलम ७८ याच्याही पुढे जातं. परदेशी हलवलेल्या मुलाचं फोटोसह कार्ड करून रेडक्रॉसच्या केंद्रीय शोधसंस्थेकडे पाठवायचं. त्यावर शक्य तिथे मातृभाषा, रक्तगट, अंगावरची खूण लिहायची आणि मूल परतण्याआधीच गेलं तर कुठे पुरलं तेही. ही यादी जशीच्या तशी मसुद्यात घाल. वेगळं वर्णन लागणार नाही.

बंदूक घेतलेल्या मुलापाशी तू कचरलीस. लढत असेपर्यंत त्याच्यावर नेम धरता येतो, असं समोरची बाजू म्हणेल. ते खोटं नाही, मान्य कर. पण त्याच प्रोटोकॉलच्या कलम ७७ नुसार १५ वर्षांखालचं मूल लढाईत उतरून पकडलं गेलं, तरी त्याचं विशेष संरक्षण उठत नाही. गुन्हेगार ठरतो तो भरती करणारा. काँगोचा बंडखोर नेता थॉमस लुबांगा याला याच गुन्ह्यासाठी २०१२ मध्ये १४ वर्षांची शिक्षा झाली. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा तो पहिलाच निवाडा, त्यावर पानभर तरी लिही.

भारताने १९७७ चे प्रोटोकॉल स्वीकारलेले नाहीत. त्यामुळे आपल्याकडचं बोलताना बालहक्क करार आणि सशस्त्र संघर्षातल्या मुलांविषयीचा त्याचा पूरक प्रोटोकॉल धर. करार आपण १९९२ मध्ये मानला, प्रोटोकॉल २००५ मध्ये.

शनिवारी कोर्ट नाक्यावर ये. येताना चौथ्या जिनिव्हा कराराचं कलम ५० वाचून ये, शत्रूने व्यापलेल्या प्रदेशातल्या मुलांच्या शिक्षणावर मी प्रश्न विचारणार आहे.

तुझे सर